वंगण कसलं विचारता, नळी मोजलीत का?

नवशिक्याला गंडवायला फार अक्कल लागत नाही. त्याच्या हातात एखादी चिकट, रंगीत, महागडी कांडी द्यायची आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचं, "सगळी गोम वंगणात आहे बरं का." झालं. पुढची दोन वर्षं तो वंगणं बदलत बसतो. मी बसलो होतो. म्हणून हा लेख.

मी ओहायोत राहतो आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेजात शिसं वितळवून माझ्या .३८ स्पेशल रिव्हॉल्वरसाठी गोळ्या ओततो. गोळी म्हणजे काडतुसाच्या टोकाला बसते ती शिशाची गोळी, अख्खं काडतूस नव्हे. गावाकडे हा छंद सांगितला की फोनवर आधी शांतता पसरते आणि मग मामा हळूच विचारतात, "अरे, पोलीस?" इथे स्वतःपुरतं हे करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली विनापरवाना दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा कोथरूडच्या गच्चीवर कुणी शेगडी मांडू नये. मामांचं समाधान झालं असेल तर भांडणाकडे वळतो.

भांडण असं. ओतलेली गोळी डागली की कधीकधी शिसं नळीच्या आतल्या आट्यांत चिकटून बसतं. याला इथे सगळे 'लेडिंग' म्हणतात. नेम बिघडतो आणि संध्याकाळ घासण्यात जाते. माझ्या पहिल्या पन्नास गोळ्यांनंतर मी नळीत टॉर्च मारला, तर आतून राखाडी पापुद्रे लोंबत होते, जुन्या घराच्या भिंतीचा रंग सुटावा तसे. सल्ला मागायला ज्या दुकानातून सगळं सामान घेतलं होतं तिथेच गेलो. हाच माझा मूर्खपणा. काउंटरमागच्या गृहस्थांनी नळीचं माप विचारलं नाही, गोळीचं विचारलं नाही. विचारलं काय, तर "वंगण कुठलं लावतोस?" उत्तर ऐकून त्यांनी कीव आल्यासारखी मान हलवली आणि निळ्या कांड्यांचं खोकं पुढे सरकवलं. ती संपली तेव्हा लाल कांडी आली. लाल संपली तेव्हा म्हणाले, "तुझं शिसंच मऊ आहे, छापखान्याचं घे." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि बंबाचं बिल माझ्या नावावर!

छापखान्याचं शिसं म्हणजे लायनोटाइप. त्यात शंभरात साधारण बारा भाग अँटिमनी आणि चार भाग कथील असतं, आणि ब्रिनेल मापावर त्याचा कडकपणा बावीसच्या घरात जातो. गाडीच्या चाकांना तोलासाठी लावतात त्या जुन्या वजनांचं शिसं दहा-बाराच्या आसपास भरतं. कडक म्हणजे चांगलं हे नवशिक्याला सहज पटतं, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण .३८ स्पेशल हे बिचारं सौम्य काडतूस. त्याच्या दाबाची ठरलेली मर्यादाच चौरस इंचाला १७,००० पौंड. एवढ्याशा दाबानं कडक गोळीचं बूड फुगत नाही, नळीशी घट्ट बसत नाही. फट राहते, फटीतून जळता वायू गोळीच्या कडेनं पुढे पळतो, कड कापत जातो आणि कापलेलं शिसं नळीला थापतो. मी पैसे मोजून रोग वाढवून घेत होतो. आणि हा कडकपणाचा मंत्र जपणारे लोक एल्मर कीथचा फोटो भिंतीवर लावतात! १९५५ साली .४४ मॅग्नम बाजारात आलं त्यामागे ज्याचा हट्ट होता तो हाच माणूस, आणि त्याच्या जबर गोळ्यांचं मिश्रण काय, तर सोळा भाग शिशाला एक भाग कथील.

आता मापाचं बघू. माझ्या रिव्हॉल्वरचं नाव .३८, पण त्याच्या गोळीची जाडी ०.३८ इंच नाही. ती ०.३५८ च्या आसपास असते. नाव पडलं ते जुन्या काळी. तेव्हा गोळी काडतुसाच्या नळकांड्याएवढी जाड असे, फक्त तिचं बूड बारीक करून आत खुपसत आणि वंगण बाहेरून लावत. पुढे गोळी आत गेली, बारीक झाली, नाव तेवढं मागे राहिलं. .४४ चंही तेच, प्रत्यक्षात ०.४२९. नावावर विसंबून साइझिंगची, म्हणजे गोळी दाबायची, डाय घेणं म्हणजे पाटी वाचून घर विकत घेणं. मी घेतली होती ०.३५६ ची, कारण दुकानात तीच शिल्लक होती.

साइझिंगबद्दलही एक भाबडी समजूत फिरते, की डाय गोळीला 'बरोबर माप देते'. डाय काही देत नाही, फक्त काढून घेते. साच्यातून जाड आलेली गोळी डायमधून दाबली की बारीक होते. बारीक पडलेली गोळी कुठल्याही डायमधून जाड होऊन बाहेर येत नाही. त्यामुळे पहिला प्रश्न डायचा नाहीच, नळीचा आहे. मासेमारीच्या दुकानात मऊ शिशाचं बोरापेक्षाही लहान वजन मिळतं. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघायचं, नळीला तेलाचा हात फिरवायचा, ते वजन लाकडी दांड्यानं हलक्या हातानं आरपार ठोकायचं आणि बाहेर आलं की मायक्रोमीटरनं मोजायचं. कॅलिपरनं नाही. इंचाचा हजारावा भाग मोजायचाय, भाजीचा पडवळ नाही. मग गोळी त्याहून एक-दोन हजारांश जाड ठेवायची. काही नामवंत रिव्हॉल्वरच्या नळीत पाचच आटे असतात. समोरासमोर आटा येत नाही, मायक्रोमीटर धड बसत नाही. तिथे काडतुसं बसतात त्या चकरीच्या भोकांचं पुढचं तोंड बघावं. गोळी बोटाच्या दाबानं त्यातून सरकली पाहिजे, आपोआप घरंगळता कामा नये.

माझी घरंगळत होती. टप् करून टेबलावर पडली. दोन वर्षांची वंगणं त्या एका आवाजात निकालात निघाली.

०.३५८ ची डाय आणली, तरी थोडं लेडिंग उरलंच. पुन्हा वंगणाकडे धावायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण या खेपेला भरलेलं एक काडतूस उघडून गोळी बाहेर काढली आणि मोजली, तर ०.३५६. काडतुसाचं तोंड रुंद करणारा माझा खुंटा तांब्याच्या वेष्टणातल्या गोळ्यांसाठी केलेला होता. अरुंद नळकांड्यात मऊ गोळी दाबली की ती आतच आवळली जाते. म्हणजे आधी कष्टानं मोजून-मापून केलेली गोळी मीच शेवटच्या पायरीला चेपत होतो. जाड खुंटा आणला, प्रश्न मिटला. हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? खुंटा एकदाच विकला जातो, वंगण दर महिन्याला.

वंगण नकोच असं मी म्हणत नाही. हवं. पण त्यात गूढ काही नाही. 'अमेरिकन रायफलमन' मासिकानं कित्येक दशकांपूर्वी निम्मं मधमाश्यांचं मेण, निम्मं अ‍ॅलॉक्स नावाचं तयार वंगण अशी साधी कृती छापली, ती आजही चालते. पातळ अ‍ॅलॉक्स मिळतं, ते गोळ्यांवर शिंपडून डब्यात घोळायचं आणि रात्रभर वाळत ठेवायचं. गोळीला पिवळसर झाक आली की थांबायचं. नवशिके गुलाबजाम पाकात सोडावेत तशा गोळ्या बुडवतात, मग धूर होतो, बोटं चिकटतात, आणि दोष पुन्हा शिशाला. मेण मात्र गरम पाण्यात भांडं ठेवूनच वितळवा, थेट आचेवर ते पेटतं. आणि शिशाचं भांडं स्वयंपाकघरात आणलं तर घरच्या माणसांनी तुम्हाला बाहेर काढावं, माझा पाठिंबा आहे.

वंगणाच्या या वेडाला आपल्याकडे जुना वारसा आहे. १८५७ च्या एनफील्ड काडतुसाची चरबी शाळेतल्या पोरालाही पाठ असते. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांची हकिगत येते. ती चरबी धर्माचा प्रश्न होती, तिची टिंगल करायची नाही. पण त्याच काडतुसातल्या गोळीची दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. ०.५७७ च्या नळीत ती ०.५६८ ची गोळी, तोंडातून ठासायची. चार बार झाले की नळीत काजळी धरायची आणि गोळी आत जाता जाईना. इंग्रजांनी शेवटी गोळीच बारीक केली, ०.५५ वर आणली. त्यांचा रोग माझ्या उलटा, गोळी जाड, पण औषध एकच. चरबीवर ग्रंथ झाले, मापावर कुणी ओळ खर्चली नाही.

परवा रेंजवर शेजारच्या लेनमधला नवा मुलगा नळीत तांब्याची घासणी गुंडाळलेला ब्रश फिरवत होता, घामाघूम. घासणीला त्यानं चुंबक लावून बघितलं नव्हतं. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी घासण्याही मिळतात, त्या नळीला ओरखडे पाडतात. माझं चुंबक दिलं. ते घासणीला चिकटलं. तो हिरमुसला, मग माझ्या स्वच्छ नळीकडे बघून म्हणाला, "सर, वंगण कुठलं?"

"०.३५८," मी म्हणालो.

"नाही, वंगण."

मी पिशवीतून मायक्रोमीटर काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं तो उलटसुलट करून बघितला, आभार मानून परत दिला आणि विचारलं, हिरवी कांडी कशी आहे, दुकानवाले फार नाव घेत होते.