मुरलेल्या बियरची कैफियत

कडक बियर म्हटली की आमच्या सभ्य मंडळींच्या कपाळाला आठी पडते. त्यातून ती घरी आंबवलेली असली, तर मग विचारूच नका! ‘घरात भट्टी?’ एवढ्या एका प्रश्नात खटला निकालात निघतो. माझे म्हणणे असे की, हा निकाल साक्षीपुरावा न ऐकता दिलेला आहे. फराळाच्या ताटापाशी हा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. मुरवण्याची गोष्ट सणालाच शोभते. मी स्वतः घेतो की नाही, हा प्रश्न गैरलागू आहे. वकील चोराचीही बाजू मांडतो. इथे तर अशील चोरसुद्धा नाही.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. इंग्लंडात हिला ‘बार्ली वाइन’ म्हणतात. नाव वाइनचे, पण द्राक्षाशी हिचा काडीचा संबंध नाही. सातूला, म्हणजे जवाला, मोड आणायचे, ते सुकवून भरडायचे आणि सुमारे ६६ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात तासभर मुरू द्यायचे. पहिला रस निथळतो तो दाट आणि गोड. पुन्हा पाणी घातले की निघतो तो पातळ. कोकणात नारळाचे पहिले दूध आणि दुसरे दूध वेगळे ठेवतात, अगदी तसेच. जुन्या इंग्लिश घरांत पातळ रसाची हलकी बियर रोजच्या पिण्याला, आणि दाट रसाची कडक बियर कोठीत ठेवायला. वीस लिटर साध्या बियरला चार-पाच किलो सातू पुरतो. कडक बियरला नऊ किलोंच्या आसपास लागतो. रस हॉप्सच्या फुलांबरोबर दीड-दोन तास उकळायचा, निववायचा, यीस्ट घालायचे. उन्हाळ्यात आंबवण बिघडे, म्हणून हा उद्योग ऑक्टोबरात, नवे धान्य हाती आल्यावर चाले.

यातून शेकडा ८ ते १२ मद्यार्काचे जे पेय होते, ते ताजे प्याल तर तोंड वाकडे कराल. उग्र, कडू, घशाला झोंबणारे. पण अंधारात, गारव्यात वर्ष, दोन वर्षे, प्रसंगी दहा वर्षे ठेवा. हॉप्सचा कडूपणा ओसरतो, मद्यार्काची धार बोथटते, आणि सावकाश शिरणाऱ्या प्राणवायूमुळे मनुका-खजुरांची आठवण देणारा स्वाद येतो. प्रत्येक बियर अशी मुरत नाही. हलकी बियर ठेवली तर नासते. पुष्कळ साखर, पुष्कळ हॉप्स आणि पुष्कळ धीर असेल तरच हे साधते.

इंग्लंडातल्या बड्या घरांत वारस जन्मला की कडक बियरचे पीप भरून ठेवीत आणि तो एकवीस वर्षांचा झाला की ते फोडीत. भरणारा म्हातारा पुष्कळदा ती चाखायला उरतही नसे. आता मला सांगा, दारुड्याच्या घरी पीप एकवीस दिवस तरी टिकेल काय?

हे घरचे पीप कोठीतून घालवण्यात सरकारी खजिन्यानेही हातभार लावला. १८८० साली ग्लॅडस्टन यांनी मोड आणलेल्या धान्यावरचा कर उठवून बियरवर बसवला आणि घरी आंबवणाऱ्यालाही परवाना काढायला लावला. घरची कला आधीच क्षीण होत होती. तिच्या मानगुटीवर आता कारकून बसला. गुत्ते मात्र ओस पडले नाहीत. अखेर १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ही परवान्याची अट काढून टाकली. पाचच वर्षांनी, १९६८ साली, डॉर्चेस्टरच्या एका मद्यशाळेने टॉमस हार्डीच्या नावाने एक बियर काढली आणि ती पंचवीस वर्षे मुरेल असे बाटलीवर छापले. अमेरिकेतही दारूबंदी १९३३ साली उठली, पण घरच्या बियरला मुभा मिळाली ती १९७८ साली कार्टर यांची सही झाल्यावर. मोठ्या माणसामागे वर्षाला १०० गॅलन, घरामागे २००, विकायची नाही. ही दोन्ही राष्ट्रे त्यामुळे बुडाल्याचे ऐकिवात नाही.

आमचे नीतिमान मित्र म्हणतील, ‘हे साहेबाचे चोचले.’ मग दशमूलारिष्ट काय आहे? द्राक्षासव काय आहे? धायटीची फुले घालून आंबवलेली, स्वतःच शेकडा ५ ते १० मद्यार्क तयार करणारी, आणि जुनी तितकी गुणकारी मानलेली ही औषधे बाळंतिणीच्या उशाशी ठेवणाऱ्यांनी सातूच्या रसाकडे पाहून नाक मुरडावे, हा शुद्ध शहाजोगपणा आहे!

दुसरा आक्षेप गंभीर आहे. घरची दारू जीव घेते, असे म्हणतात. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे दगावली, हे खरे. पण ती बियर नव्हती. त्या दारूत मिथेनॉल होते. ते कुणी नफ्यासाठी मिसळले होते आणि ज्याला स्वस्तात, ताबडतोब नशा हवी होती त्याने ती प्याली. सातू आंबवून तसले विष निर्माण होत नाही. मारेकरी नफा होता आणि घाई होती. त्यांच्या गुन्ह्यासाठी सबुरीला फाशी देऊ नका.

ज्या मायबहिणींनी गावागावांत आडव्या बाटलीला मत देऊन दुकाने बंद पाडली, त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांनी मार खाल्ला आहे. त्यांचा शब्द माझ्या शब्दाहून वजनदार आहे. त्यांनी बंद पाडले ते दुकान, रोजच्या रोज मजुरी गिळणारे. माझे पीप मजुरी गिळत नाही. ते वर्षानुवर्षे कुणाला थेंबही देत नाही.

आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून असे काही आंबवणे गुन्हा आहे. तो मोडा, असे मी सांगत नाही. तो बदला, असे सांगतो. विक्रीला सक्त मनाई ठेवा, मापाची मर्यादा घाला, वयाची अट घाला. पण गुत्ता आणि कोठी यांतला फरक कायद्याला कळलाच पाहिजे. जो कायदा सबुरीला आणि व्यसनाला एकाच कोठडीत डांबतो, त्याला व्यसन म्हणजे काय हे मुळातच समजलेले नाही.