योसेमिटीची बुडालेली दरी

योसेमिटी म्हटलं की एल कॅपिटन आणि हाफ डोम! पण ही प्रसिद्ध दरी म्हणजे उद्यानाचा जेमतेम एक टक्का. गर्दी मात्र तिथेच. वायव्येच्या कोपऱ्यात तिची जुळी बहीण आहे, हेच हेची. १९१३ साली कायदा झाला, १९२३ मध्ये धरण उभं राहिलं आणि दरी पाण्याखाली गेली. सॅन फ्रान्सिस्कोची तहान ते पाणी आजही भागवतं, हे मान्य. पण जॉन म्यूर जिवाच्या आकांताने लढला, तरी दरी वाचली नाही. कारण ती पाहिलेलेच थोडे होते! उद्या आपणही धरणं बांधू. नकाशावर रेघ मारण्याआधी त्या कोपऱ्यात एकदा पायी फिरून येऊ या.