ओहोटीला खाडीवर जा, आधी मुळं बघा

कोकणच्या खाडीकाठी राहणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. आपल्या खाजणातली, म्हणजे कांदळवनातली, निदान चार झाडं तरी ओळखायला शिका. ‘काय ती झुडपं’ म्हणून दुर्लक्ष झालेल्या जागेवरच राडारोड्याचे ट्रक रिकामे होतात.

ओहोटी साधून जा आणि पानांआधी मुळं बघा. तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी बारीक मुळं वर आलेली असतात. चिपीची त्याहून जाड, टोकाला निमुळती. कांदळाची मुळं खोडातून फुटून कमानी करत चिखलात उतरतात. ही ओळख पटली की पानाकडे वळा. तिवराचं पान खालून रुपेरी असतं. ऊन तापलं की त्यावर मिठाचे कण बोटाला लागतात. कांदळाच्या पानाला टोकाशी छोटा काटा आणि खालच्या बाजूला काळे ठिपके असतात. त्याला लोंबणाऱ्या लांब हिरव्या शेंगा म्हणजे झाडावरच रुजलेली रोपं. त्या तोडू नका. कंबरेएवढी, काटेरी पानांची, निळ्या-जांभळ्या फुलांची ती मारांडी. पांढऱ्या चिपीला तर महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवृक्ष ठरवलं. तिचं फूल रात्री उमलतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. अनोळखी झाडाची डहाळी मोडू नका, मुलांनाही मोडू देऊ नका. गेवा नावाच्या झाडाचा पांढरा चीक अंगावर फोड आणतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टीलाच धोका. तसं झालंच तर डोळा चोळू नका. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि तडक डॉक्टर गाठा. गळण्याआधी गेव्याची पानं लाल होतात, तेवढी खूण लक्षात ठेवा.

एकट्याने चिखलात उतरायला भीती वाटत असेल, तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली. त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात भराव आणि बांधकामालाही बंदी आहे. त्यामुळे कुठे भराव दिसला तर मुळांचा फोटो, पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि नेमकी जागा टिपून तहसीलदाराकडे आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार द्या. तक्रारीत झाडाचं नाव लिहा आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.