नेपाळला निघालात? नुसत्या आधारवर राहू नका

पशुपतिनाथाच्या सहली आता गावोगावी निघतात. "आधार हाय की, अजून काय लागतंय?" असं म्हणणारे खूप. आमच्या भागातल्या सासू-सुना काठमांडूच्या विमानाला गेल्या. सासू बहात्तर वर्षांची, तिला आधारवर सोडलं. सून पंचेचाळीसची, ती विमानतळावरूनच माघारी. तिचं मतदार कार्ड घरी कपाटात होतं!

नेपाळला व्हिसा लागत नाही, पण आपण भारतीय नागरिक आहोत हे दाखवावं लागतं. आधार ओळखीचा पुरावा, नागरिकत्वाचा नाही. 2016 च्या आधार कायद्यातच तसं आहे. म्हणून विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड. सूट 15 वर्षांखालच्या पोरांना आणि 65 वर्षांवरच्यांना. बसने सुनौलीमार्गे जाणाऱ्यांनीही तेच जवळ ठेवावं. भूतानलाही आधार चालत नाही.

खरी अडचण नावाची. मतदार कार्डावर बायांचं माहेरचं नाव, तिकिटावर सासरचं. दुरुस्तीचा फॉर्म 8 गावच्या बीएलओकडे भरायचा, तलाठ्याकडे नाही, आणि नवीन कार्ड यायला वेळ जातो. टूरवाला पैसे घेताना हे सांगेलच असं नाही. तेव्हा आगाऊ रक्कम देण्याआधी कार्ड काढून बघा. मूळ कार्ड, झेरॉक्स नव्हे.