कोंबड्यांच्या पाण्याचें भांडें

आमच्या शेतकरी बंधूंपैकीं ज्यांच्या परसांत दहा-वीस कोंबड्या आहेत त्यांस पिलें कोणत्या जातीचीं घ्यावींत, खाद्य कोणतें घालावें, हें विचारण्याची हौस फार. परंतु पाणी कशांत ठेवावें हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. घरांत जें निकामी झालें तें कोंबड्यांपुढें जातें. फुटक्या माठाचें बूड, टायरचा कापलेला तुकडा, रंगाचा रिकामा डबा, नाहीं तर बाजारांतून आणलेलें पातळ प्लॅस्टिकचें भांडें. ह्यांपैकीं शेवटचें तेवढें दाम मोजून घेतलेलें असतें, आणि तेंच वर्षाच्या आंत पुन्हां घ्यावें लागतें. आमच्या मतें ही काटकसर नव्हे.

प्रथम पाण्याची गरज पाहूं. अंड्याच्या वजनाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. कोंबडी जितकें दाणे खाते त्याच्या सुमारें दुप्पट वजनाचें पाणी पिते. अंड्यावरील कोंबडीस साधारण हवेंत दिवसास पाव लिटर लागतें, आणि कडक उन्हाळ्यांत तें दुपटीवर जातें. कोंबडीस घाम येत नाहीं. चोंच उघडून धापा टाकणें हाच तिचा अंग थंड करण्याचा मार्ग, आणि त्यांत अंगांतील पाणी खर्ची पडतें. जळगांव, अकोला, चंद्रपूर ह्या बाजूस पारा ४५ अंशांवर गेला असतां भरदुपारीं भांडें कोरडें पडलें, तर संध्याकाळीं दोन-चार कोंबड्या आडव्या झालेल्या दिसतात व घरांत रोगाच्या नांवानें ओरड होते. परसांतील अंड्यांचा पैसा बहुतेक घरीं घरधनिणीचा असतो. मुलांच्या वह्या आणि मीठमिरची त्यांतून निघते. ठिबकच्या नळ्यांवर मोठी रक्कम खर्चणारा गृहस्थ ह्या भांड्यासाठीं मात्र हात आंखडतो, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

आतां टिकाऊ म्हणजे काय, तें समजण्यास भांड्याची करामत ध्यानांत घेतली पाहिजे. भरलेलें भांडें थाळ्यावर पालथें घातलें असतां, कांठाजवळच्या भोकांतून पाणी थाळ्यांत येतें. भोंक पाण्यानें झांकलें कीं आंत हवा जाण्याचें बंद होतें, आणि बाहेरच्या हवेच्या दाबानें उरलेलें पाणी वर तोलून राहतें. म्हणून भोंक थाळ्याच्या कांठापेक्षां खालींच असलें पाहिजे. म्हणूनच, पालथ्या भांड्यास वरच्या अंगास केसाएवढी चीर पडली तरी तेथून हवा शिरते आणि सगळें पाणी वाहून तूस चिखल होतें. साधी बादली किंचित् चिरली तरी कांहीं दिवस निभते. हें भांडें एक दिवसही निभत नाहीं. ओल्या तुसांत रक्ती हगवणीचे जंतु वाढतात आणि पहिल्यानें पिलें दगावतात. पातळ प्लॅस्टिकचा दोष नेमका येथें आहे. उन्हानें तें ठिसूळ होतें, आणि थाळा पिळून बसवितांना आट्यापाशीं तडकतें. शिवाय तें अर्धपारदर्शक असल्यास आंत उजेड जाऊन शेवाळ धरतें.

मातीचा परळ आम्हांस अजूनही आवडतो. त्यांत पाणी गार राहतें. परंतु त्याच्या छिद्रांत बुळबुळीत थर मुरतो, तो घासून पुरता निघत नाहीं; पिलांसाठीं तर आंत खडे टाकून पाणी उथळ ठेवावें लागतें, नाहीं तर तीं बुडतात. टायरच्या तुकड्याविषयीं न बोललेलें बरें. त्याच्या खांचा कोण धुणार! जस्ती पत्र्याचें भांडें साध्या पाण्यास चालतें, पण उन्हाळ्यांत कोंबड्यांस ताक पाजण्याची ज्यांची चाल आहे त्यांनीं तें त्यांत मुळींच घालूं नये. आंबटांत जस्त उतरतें व तें पोटांत जाऊन अपाय करतें. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यासही हाच नियम. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत पत्र्याचें आयुष्य आणखी कमी, कारण खाऱ्या पाण्यानें सांधा प्रथम गंजतो.

ह्या सर्वांचा विचार करतां स्टेनलेस स्टीलचें एकसंध उभें पातेलें आणि त्याच्या तोंडाहून दोन-दोन बोटें रुंद, खोलगट ताट, ही जोडी आम्हांस सर्वांत पटते. सांध्याचा डबा घेऊं नये. सांध्यांतून हवा शिरण्याचें भय असतें. कांठाजवळ बारीक भोंक पाडून त्याची धार कानशीनें मारून घ्यावी, म्हणजे तुरा अगर गलोल कापणार नाहीं. पोंचा आला तरी पाणी राहतें, तडकत नाहीं, हात आंत जाऊन बूड राखेनें घासतां येतें, आणि दहा वर्षांनीं मोडींत घातलें तरी कांहीं पैसा परत येतो. आमचें आयुष्य दप्तरांत गेलें. तेथें वस्तूची पहिली किंमत पाहण्याची रीत होती, ती किती वर्षें चालेल हें पाहून भागाकार करण्याची नव्हती. घरच्या खर्चांत ती रीत आणण्याचें कारण नाहीं.

दहा कोंबड्यांस दहा लिटरांचें एक भांडें घेण्यापेक्षां पांच लिटरांचीं दोन घ्यावींत. एक तर दांडगी कोंबडी एकाच भांड्यावर पहारा करून दुबळीस पिऊं देत नाहीं. दुसरें, भरलेलें भांडें ताटासकट उलटें करणें घरधनिणीच्या हातांस पेललें पाहिजे. भांडें विटेवर ठेवावें, कांठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला यावा, म्हणजे पायानें उकरलेलें तूस आंत पडत नाहीं. सावली हवीच, आणि वर छप्परही हवें. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें आणि २०२१ च्या जानेवारींत परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें बर्ड फ्लू आढळला. त्या दुसऱ्या वेळीं राज्यांत कांहीं ठिकाणीं कावळेही त्याच रोगानें मेले होते. रानपांखरांची विष्ठा पाण्यांत पडणें हा त्या रोगाचा एक मार्ग आहे. उघड्यावरचें पाणी कावळ्यांचेंही होतें.

एका कामास मात्र स्टील बाजूस ठेवावें. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस पाण्यांतून देतात, ती जिवंत लस असते. धातूच्या भांड्यांत ती देऊं नये असें पशुवैद्य सांगतात. त्या दिवसासाठीं जाड प्लॅस्टिकचें एक भांडें वेगळें ठेवावें व साबण न लावतां धुवावें. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यांत ब्लीचिंग पावडर असते, तिनेंही लस मरते. म्हणून विहिरीचें, औषध न टाकलेलें पाणी घ्यावें. लस वाया गेली हें त्या दिवशीं कोणास दिसत नाहीं, सांथ आली म्हणजे दिसतें.

हल्लीं नळीस बसवितात त्या निपलची स्तुति आम्हीं ऐकतों. पाणी स्वच्छ राहतें हें खरें, पण बोअरच्या जड पाण्याचे क्षार त्यांत साचून तें बुजतें, आणि बुजलें हें बाहेरून कळत नाहीं. ज्यास रोज प्रत्येक निपल बोटानें दाबून पाहण्याची संवय आहे त्यानेंच तें बसवावें.

आपल्या संघानें एक करावें. स्थानिक भांडेवाल्याकडून अशा जोडीचा एक नमुना करवून तो कचेरींत एक रात्र पाण्यानें भरून पालथा ठेवावा, आणि सकाळीं ताटाभोंवतीं जमीन कोरडी आढळली तरच सभासदांची मागणी नोंदवावी.