योद्ध्याचा मंत्राधिकार

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ सालीं अमेरिकेंत निघालेला कल्पनाखेळ आमचीं नातवंडें खेळतात. त्यांत कोणी मांत्रिक होतो, कोणी योद्धा. परवां वाद निघाला, योद्ध्यास मंत्राचा अधिकार आहे काय? २०१४ च्या पांचव्या आवृत्तीनें याचें उत्तर दिलें आहे. बुद्धि किंवा विवेक यांपैकीं एक गुण निदान १३ असेल, तर विशेष पात्रता घेऊन योद्धाही कांहीं ठराविक मंत्र विधिपूर्वक चालवूं शकतो. मात्र पोथी हातीं हवी; नवा मंत्र तींत उतरून घेण्यास मंत्राच्या दर पायरीमागें २ तास व ५० सुवर्णमुद्रा लागतात; आणि प्रयोगास नेहमींपेक्षां १० मिनिटें अधिक. युद्धाची एक फेरी ६ सेकंदांची, म्हणजे शंभर फेऱ्यांचा विलंब! तेव्हां रणांत मांत्रिकाचें महत्त्व अबाधितच राहतें.

आम्हांस हा नियम फार न्याय्य वाटला. अधिकार उपजत नसला तरी श्रमानें मिळतो. फक्त वेळ अधिक लागतो. पस्तीस वर्षांच्या अध्यापनांत 'संस्कृत हा तुझा विषय नव्हे' असें आम्हीं कित्येक मुलांस सांगितलें. त्यांस आणखी दहा मिनिटें द्यावयास हवीं होतीं, असें आतां वाटतें.