नाव गाडगेबाबांचे, ढीग पेल्यांचा

बुलढाणा जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये ज्या अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. आयुष्यभर हाती खराटा घेऊन गावोगाव झाडणाऱ्या त्या महापुरुषाचे नाव पदवी-प्रमाणपत्रावर मिरवावे आणि उपाहारगृहामागे चहाच्या पेल्यांचा व बाटल्यांचा ढीग साचू द्यावा, ही विसंगती कोणालाच खटकू नये?

कायदा नाही, अशी सबब येथे चालणार नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली, तेव्हा गटारे तुंबविणाऱ्या प्लॅस्टिक पिशव्यांवर साऱ्यांचेच बोट गेले. २३ मार्च २०१८ रोजी राज्याने बंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी घातली. त्या यादीतून पाण्याची बाटली मात्र सुटली. शिवाय ज्याला आपण कागदी पेला म्हणतो, त्याच्याही आत बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. नाहीतर त्यात गरम चहा टिकलाच नसता! पर्यावरण दिनाचा फलकही फ्लेक्सचाच असतो, हे वेगळे सांगायला नको.

मार्ग शोधण्यास दूर जावे लागत नाही. शेगावी श्री गजानन महाराज संस्थानात नित्य हजारो भाविक महाप्रसाद घेतात, ताटे धुतली जातात आणि पुढची पंगत बसते. तेथे उष्टी उचलणे ही सेवा मानली जाते. महाविद्यालयात मात्र पेला धुण्यात विद्यार्थ्याला कमीपणा वाटतो आणि उपाहारगृह चालविणाऱ्याला धुणाऱ्याची मजुरी जड होते. खरा अडसर हाच आहे. उन्हाळ्यात पाणी कोठून आणायचे, हा आक्षेप मात्र आपल्या जिल्ह्यात हसण्यावारी नेता येणार नाही. वाहत्या नळाऐवजी दोन टबांत पेले धुऊन पहिल्या टबातील पाणी आवारातील झाडांना द्यावे. आपल्या घरांत दुष्काळाने ही काटकसर केव्हाच शिकविली आहे.

पिशवीचे तर बोलायलाच नको. खामगावसारखी कापसाची जुनी बाजारपेठ असलेल्या जिल्ह्यात कापडी पिशवी दुर्मीळ व्हावी? उरलेला डबा पिशवीत बांधून टाकला जातो, अन्नाच्या वासाने गाय ती पिशवीसकट गिळते आणि ती तिच्या पोटात साठत राहते.

आवारातील सवय सहलीबरोबर लोणारलाही जाते. २०२० साली रामसर यादीत गेलेल्या त्या सरोवरातून एकही प्रवाह बाहेर पडत नाही. काठावर फेकलेली बाटली पावसाबरोबर खाली उतरली की तेथेच राहते. सहलीची परवानगी देतानाच प्रत्येकाजवळ घरची पाण्याची बाटली असल्याची खात्री प्राध्यापकांनी करावी. स्नेहसंमेलनासाठी मांडववाल्याशी ठरविताना प्राचार्यांनी स्टीलचे पेले, पाण्याचे माठ आणि धुणाऱ्या दोन माणसांची मजुरी अंदाजपत्रकात धरावी. पुष्पगुच्छांवरील प्लॅस्टिकचे वेष्टन वगळले, तर त्यातील काही खर्च तेथेच निघेल.